काळ्या गाडीचा पोळा

काळ्या गाडीसारखी चहाडखोर वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. पांढरी गाडी सोशिक असते, झालं गेलं पोटात ठेवते. राखाडी तर पढवलेल्या साक्षीदारासारखी, काही पाहिलंच नाही म्हणते. काळी मात्र ऊन पडलं की सगळं सांगून मोकळी होते. कुणी पुसली, कशानं पुसली, किती घाईत पुसली, सगळं. बीडमध्ये उन्हाला तोटा नाही आणि धुळीला तर नाहीच नाही. तरी लोक काळीच गाडी घेतात. नवरदेव उतरताना भारी दिसतो म्हणे. त्यांच्या त्या भारीपणावर माझं घर चालतं, म्हणून मी तक्रार करत नाही. माझा उजवा खांदा करतो.

बावीस वर्षं मी गाड्यांना रबिंग करतोय. रबिंग म्हणजे काय, तर रंगावर जो काचेसारखा पारदर्शक थर असतो, त्याला केसाएवढे बारीक ओरखडे पडतात. मग दुधाच्या सायीसारखं कंपाउंड लावायचं, मशीनला स्पंजचं पॅड लावायचं आणि तो थर इतका थोडा घासायचा की ओरखड्याच्या कडा निघून जाव्यात, पण थर शिल्लक राहावा. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की संध्याकाळी जेवताना घास तोंडापर्यंत डाव्या हातानं न्यावा लागतो. माझी अम्मी असती तर म्हणाली असती, डाव्या हातानं जेवतो म्हणून तुझी बरकत नाही. तिला कसं सांगणार, उजव्याची बरकत कुणाच्यातरी बॉनेटवर चमकतेय.

तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कामाचा माणूस सुट्टीवर, खांद्याला गरम तेल चोळून मी पत्र्याच्या शेडमध्ये बसलेलो. आज फक्त चहा प्यायचा, मशीनकडे बघायचंसुद्धा नाही, असा निश्चय केला होता. माझे निश्चय साधारण अर्धा कप टिकतात. तेवढ्यात एक काळी गाडी येऊन उभी राहिली. गाडीतून तिशीचा एक माणूस उतरला, आणि पुढच्या सीटवरून पांढऱ्या धोतरातले एक म्हातारे. उतरायला त्यांना गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागत होती.

आभाळ होतं म्हणून गाडी बरी दिसली. मी मनात म्हटलं, वरवरचं पॉलिश असेल, दुपारी घरी. मग ढग सरकला. बॉनेटवर सूर्य उतरला आणि त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं पसरलं. एवढं दाट जाळं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. गोल, गोल, गोल. दारावर, छतावर, डिकीवर. जणू कुणी रात्रंदिवस बसून गाडीवर रांगोळीचा सराव केला होता. वाकून बघितलं तर बॉनेट आणि बाजूच्या पत्र्यामधल्या फटीत काहीतरी पिवळं.

"ही हळद हाय का?" मी विचारलं.

तिशीतल्या माणसानं डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली, मला हाताला धरून शेडच्या मागं नेलं आणि कुजबुजत म्हणाला, "मिस्त्री, आबांनी गाडी धुतली."

"धुतलीच ना? पेटवली तर न्हाई."

"पोळ्याला धुतली हो!"

मग त्यानं सगळं सांगितलं. गाव तेलगावच्या जवळचं. गाडी त्याची नव्हती, आष्टीला राहणाऱ्या त्याच्या मेहुण्याची होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. परत येताना तान्ह्या लेकराला एसटीनं नको म्हणून मेहुण्यानं गाडी दिली. गाडी चार दिवस अंगणात उभी राहिली आणि त्या चार दिवसांत पोळा आला. घरात बैल नव्हते. आबांचे गुडघे गेले तसे दोन वर्षांपूर्वी बैल विकले, नांगरटीला ट्रॅक्टर येऊ लागला. आणि बैल गेले त्या दिवसापासून आबांचं बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. "हं" आणि "न्हाई".

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून दमलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात. घरात कुणाचं लक्ष नाही बघून आबांनी वाटीत लोणी घेतलं, हळद घातली आणि गाडीच्या पुढच्या चाकांवरच्या दोन्ही पत्र्यांना चोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाच्या शेंडीचा बोळा, धुण्याची पावडर आणि विहिरीचं पाणी. दोन तास घासली. मग सुनेनं दिलेली पुरणपोळी गाडीच्या तोंडाला लावली.

"तोंडाला म्हंजी?"

"जाळीला. फुडच्या."

मला हसू आवरेना. तो मात्र हसत नव्हता.

"हसत व्हते, मिस्त्री. आबा. गाडीसंगं बोलत व्हते. बायको म्हणली, तुमचे वडील हसताना मी पहिल्यांदाच बघितले. मी रानातून आलो तवर गाडी वाळली व्हती. बघितलं तर सगळीकडं गोल-गोल रेघा."

मेहुणा आजच संध्याकाळी पाचला एसटीनं बीडला उतरणार होता आणि गाडी इथूनच घेऊन जाणार होता. मेहुण्याचं तोंड तिखट. "मला बोलला तर मी ऐकतो, बायकोचा भाऊ हाय. पण आबांसमोर बोलला तर आबा परत गप व्हतील. आता गप झाले तर मग..." त्यानं शेडच्या कडेनं आबांकडं बघितलं. "त्यांना कळू देऊ नका, एवढं करा. त्यांच्या हातानं गाडी खराब झाली हे कळायला नको."

"मग त्यांना संगं कावून आणलं?"

"मी कुठं आणलं? सकाळी बघतो तर फुडच्या सीटवर बसून व्हते!"

मला नाटकाची हौस लहानपणापासून. रंगमंच मिळाला नाही, पत्र्याची शेड मिळाली. मी बाहेर आलो आणि मोठ्यानं म्हणालो, "या आबा, बसा! गाडीची सर्व्हिसिंग करायची हाय, दर सहा महिन्याला करावी लागती, नियमच हाय तसा."

आबा रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले. "हं," म्हणाले.

पहिलं काम धुण्याचं. बादलीत शाम्पू, मऊ स्पंज, हलका हात. फटीतली हळद मी ब्रशनं काढली आणि पाणी पटकन नाल्यात सोडलं. आबा बघत होते.

"कालच धुतलीया," ते म्हणाले. त्यांच्या मुलानं चमकून माझ्याकडं पाहिलं. हे "हं"ही नव्हतं आणि "न्हाई"ही.

"वाटंत धूळ बसली आबा."

"आन आसं गोंजारून मळ निघतो व्हय?"

"आजकालच्या गाड्या लई नाजूक असत्यात."

"हं," ते म्हणाले, पण ह्या वेळी त्या "हं"मध्ये माझ्या बावीस वर्षांची किंमत झाली होती.

गाडी पुसून मी बॉनेटवर मधोमध चिकटपट्टी लावली. ही माझी रीत. आधी एक हातभर तुकडा करून बघायचा, अर्धा घासायचा, अर्धा तसाच ठेवायचा. कुठलं पॅड, किती जोर, हे गाडी स्वतः सांगते. चार थेंब कंपाउंड टाकलं, मशीन हळू ठेवलं, आडवे फेरे मारले, मग उभे. काळ्या रंगाशी घाई केली की तो तापतो, आणि कडेला थांबलात तर थर जळून जातो. मग पॉलिश विसरा, रंगच मारा. पुसलं तर उजवी बाजू भरल्या विहिरीसारखी काळी आणि खोल. डावीकडं जाळं.

मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी अख्खी गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. चार दारं, छत, डिकी, दोन्ही बाजू. खांद्यानं आतून विचारलं, माझी खांदेमळण कधी?

बॉनेट संपलं आणि वीज गेली. आमच्याकडं वीज जाते तेव्हा सांगून जात नाही आणि येते तेव्हा मिजाशीत येते. मी हातानं मागच्या एका दाराला सुरुवात केली. ज्यांनी हातानं रबिंग केलं नाही त्यांना मी काय सांगू. पहिली दहा मिनिटं माणूस कारागीर असतो, पुढची दहा हमाल, आणि त्यानंतर तो कोणीच नसतो, फक्त एक दुखणारा हात असतो ज्याच्या मागं माणूस लटकलेला आहे. दुपारी दीडला वीज आली तेव्हा मी पुढच्या चाकाला टेकून बसलो होतो. मुलगा चहा आणायला गेला होता.

आबा उठले. माझ्या लक्षात येईपर्यंत ते मागच्या दारापाशी पोचले होते. त्या दाराला मी चिकटपट्टी लावून अर्धंच केलं होतं. शेडमध्ये उन्हाचा पट्टा बरोबर तिथंच पडलेला. त्यांनी आधी चकचकीत बाजूवर बोट ठेवलं, मग जाळ्यावर. डोळे अगदी पत्र्याजवळ नेले.

"ह्ये काय हाय?"

"कंपनीतूनच तशी येती, आबा. मग आमी साफ करतो."

बैलाचे दात लपवणाऱ्या व्यापाऱ्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उजवा हात उचलला, बोळा धरल्यासारखी बोटं मिटली आणि दारापासून वीतभर अंतरावर हवेत हात फिरवला. गोल, गोल. हाताचा फेरा आणि पत्र्यावरचा फेरा, एकच माप.

चहाचे कप घेऊन मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. आबा परत डब्यावर येऊन बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. मशीन बंद होतं. मुलानं कप त्यांच्या पुढं धरला तर त्यांनी मान हलवली, "न्हाई". झालं, मी मनात म्हटलं, दोन शब्दांतला दुसरा शब्द आला. मुलगा माझ्याकडं असा बघत होता की जणू वीज मीच घालवली होती.

चहा पिऊन मी मशीन उचलायला गेलो तेव्हा मागून आवाज आला.

"मिस्त्री, ह्या सरळ रेघा कुणाच्या?"

"कुठल्या?"

"गोलाच्या खाली हायेत. फुडून मागं गेल्यात. ह्या माझ्या न्हाईत. बैलाला कुणी असं सरळ घासत न्हाई."

मी वाकून बघितलं. खरंच. आबांच्या दाट गोल जाळ्याखाली जुन्या सरळ रेघा होत्या, दाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी सकाळपासून बघतोय आणि मला दिसल्या नव्हत्या. खांदा दुखत होता म्हणा, पण खरं तर माझी नजर गोलांवरच होती.

"धुळीवर कोरडं फडकं मारलं की अशा पडत्यात," मी म्हणालो. "रोज सकाळी, न धुता."

"म्हंजी पाव्हण्याच्या."

"आता गाडी त्यांचीच हाय म्हंजी..."

"गोल माझं, सरळ त्याचं," आबा म्हणाले आणि उठले. मग त्यांनी गुडघ्यांची परवानगी घेतली नाही. अख्खी गाडी फिरून त्यांनी रेघांची वाटणी केली. बांधावर उभं राहून तलाठ्याला दाखवावं तसं दाखवत होते. हे माझं, हे त्याचं, हे दोघांचं. मुलगा म्हणाला, "आबा, बसा की." आबा म्हणाले, "गप रे. मला कावून सांगितलं न्हाई?" मुलगा खाली बघू लागला. पण त्याचे खांदे सैल झाले होते, मी पाहिलं.

चार वाजेपर्यंत मागच्या चाकावरचा एक तुकडा सोडून बाकीची गाडी झाली. आबा मधेमधे सूचना देत होते. आता त्यांना मशीनचा फेरा कळला होता आणि मी कोपऱ्याजवळ गेलो की "थांब, थांब" ओरडत होते, नांगर बांधाला लागेल तसं. ड्रायव्हरच्या दारावर मात्र चार-पाच ओरखडे राहिले. नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकलं म्हणजे पॉलिशनं जात नाही, आणि जोर केला तर थर जातो. बोळ्यात खडा आला असणार.

मी मुलाला हळूच म्हणालो, "एक तेलकट पॉलिश हाय. त्यानं हे भरून निघत्यात, दिसत न्हाईत. चार-पाच धुण्यांनी परत दिसत्यात, पण आजचं भागल."

"तेच लावा, मिस्त्री."

"नगं," आबा म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं असा माझा उगाचच समज झाला होता. "बैल विकताना शिंगं तासून वार्निश लावणारे मी लई बघितलेत. ते राहू दे तसंच. आन त्या मागच्या चाकावरचा हातभर तुकडा पण करू नको. गोल-सरळ दोन्ही राहू दे."

"कावून?"

"कामाला येईल."

मेहुणा साडेपाचला आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात किल्ल्यांचा जुडगा. गाडी बघून तो थांबलाच. मग भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी! ही माझीच गाडी हाय का नवीन उचलून आणली? शोरूममधून निघाली तवा अशी नव्हती!"

मुलानं श्वास सोडला. इथंच पडदा पडावा अशी त्याची इच्छा दिसत होती. माझीही होती, मला घरी जायचं होतं. पण आबा पुढं झाले, मेहुण्याचं मनगट धरलं आणि त्याला ड्रायव्हरच्या दारापाशी नेलं.

"पाव्हणं, ह्ये बघा. ह्ये मी केलं. पोळ्याला गाडी मी धुतली, शेंडीच्या बोळ्यानं. सगळीकडं ओरखडे पडले व्हते. मिस्त्रीनं काढले, ह्ये निघाले न्हाईत."

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्यानं नख फिरवलं, अडकलं. "मामा," तो म्हणाला, आवाज चढलेला, "गाडी म्हंजी बैल हाय का?"

"न्हाई. बैल बरा. दुखलं की लाथ मारतो. हिनं मारली असती तर मी थांबलो असतो."

मी तोंड फिरवून फडकं झटकायला लागलो. मुलगा पुटपुटला, "आबा..."

"आहो पण मी जिवापाड जपलेली गाडी ही! एक रेघ नव्हती तिच्यावर!"

"जपलेली?" आबा म्हणाले. "या इकडं." आणि मनगट तसंच धरून त्याला मागच्या चाकाकडं नेलं. "मिस्त्री, तुमी सांगा. गोल माझे हायेत, कबूल. ह्या सरळ कशाच्या?"

आता मी थकलेलो होतो, पण साक्षीदाराची भूमिका आयुष्यात कितीदा मिळते? मी हॅलोजनचा दिवा आणला, तिरपा धरला, घसा साफ केला आणि कोर्टात सांगावं तसं सांगितलं की ह्या रेघा कोरड्या फडक्याच्या, रोजच्या, वर्षभराच्या तरी, आणि फडकं पुढून मागं फिरलेलं आहे.

मेहुणा दिव्याकडं बघत राहिला. "धूळ बसती म्हणून पुसतो," तो म्हणाला.

"कशानं?" आबांनी विचारलं.

"फडक्यानं."

"कसल्या?"

मेहुण्यानं जुडगा खुळखुळवला. "जुन्या बनियनच्या."

आबांनी मनगट सोडलं. हसले नाहीत. मेहुणाही हसला नाही. माणूस इतक्या लवकर बदलत नसतो. त्यानं गाल फुगवून हवा सोडली आणि मला म्हणाला, "हा तुकडा पण करून टाका." हात उरला नव्हता तरी मी मशीन उचललं. दिवा आबांनी धरला. "कोपरा, कोपरा," ते सांगत राहिले. झाल्यावर मेहुणा गाडीत बसला, ड्रायव्हरचं दार जरा जास्त जोरात लावलं, आणि काच खाली करून म्हणाला, "स्टँडवर सोडतो, मामा. बसा."

"नगं. चालत जातो. तुमी आष्टीच्या अंगानं, आमी तेलगावच्या."

गाडी गेली. मुलगा मला काहीतरी म्हणणार होता, पण आबांनी त्याला बोलूच दिलं नाही. रस्त्याला लागले तसा त्यांचा आवाज चढला. त्यांना स्टँड उजवीकडं वाटत होता, मुलाला डावीकडं. मुलाचं बरोबर होतं, गेले ते उजवीकडं. मी पालथ्या डब्यावर बसलो, उजवा हात मांडीवर ठेवून, आणि ऐकत राहिलो.

"मला काय तान्हं लेकरू समजतो काय रे? इथवर आणलं, दिवसभर डब्यावर बसवलं आन सर्व्हिसिंग म्हणं!"

"तुमीच गाडीत येऊन बसलता आबा."

"मग बसू नको म्हणायचं! तोंड न्हाई का तुला? आन तुझी मोटरसायकल कशानं पुसतो तू?"

"फडक्यानं."

"कोरड्या?"

मुलाचं उत्तर मला ऐकू आलं नाही. आबांचं आलं, पार फळवाल्याच्या गाड्यापर्यंत. दोघं तिथं थांबले होते, फळवाला केळी मोजायची सोडून ऐकत होता, आणि मुलगा मान खाली घालून उभा होता, पण दोन वर्षांनी सणाचं ताट पुढ्यात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं.